वर्गखोलीतील हवा व दुर्गंधी : शोध आणि उपाय

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत केलेल्या भाषणाचा पाठ)



आजच्या परिषदेत वाचन, गणित व मूल्यमापन या विषयांवर आपण पुष्कळ चर्चा केली. मी जो विषय घेऊन आपणांपुढे उभा आहे तो पाठ्यक्रमात स्वतंत्रपणे दिलेला नाही आणि वेळापत्रकात त्याला तासिकाही नाही. तथापि पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत तो प्रत्येक वर्गात हजर असतो. वर्गातील हवा आणि त्या हवेत येणारा वास, हा तो विषय होय.

कौल फुटले तर पाणी गळते आणि ते आपणांस दिसते. फळ्याचा रंग उडाला तर तोही दिसतो. हवा मात्र दिसत नाही. म्हणून ती बिघडली तरी तिची तक्रार नोंदवहीत येत नाही. वास असह्य झाला की आपण सामान्यतः दोनच गोष्टी करतो. फिनेल शिंपडतो, नाही तर उदबत्ती लावतो. यांपैकी कोणत्याही गोष्टीने वासाचे कारण दूर होत नाही. तापाने फणफणलेल्या मुलाच्या कपाळाला अत्तर लावण्यासारखाच हा उपचार म्हणावा लागेल. दुर्गंधी हा मूळ रोग नसून रोगाचे लक्षण आहे, आणि लक्षणावरून कारण शोधून काढणे हे शिक्षकाच्या नित्याच्या कामापैकीच एक काम आहे. विद्यार्थ्याचे उत्तर चुकले असता ते कोठे चुकले हे आपण पायरीपायरीने मागे जाऊन पाहतो. येथेही तीच रीत उपयोगी पडते.

प्रथम, ज्या हवेला विशेष वास नसतो परंतु जी जड झालेली असते, तिचा विचार करू. आपण आत घेतो त्या हवेच्या १०,००० भागांत कार्बन डायऑक्साइड वायूचे सुमारे ४ भाग असतात. उच्छ्वासाच्या हवेत हे प्रमाण जवळजवळ शंभरपट होते. म्यूनिक येथील आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फोन पेटेनकोफर यांनी १८५८ साली असे मांडले की, माणसे राहतात त्या खोलीत हे प्रमाण हजारात एक भाग, म्हणजे १०,००० त १० भाग, यापुढे जाऊ देऊ नये. हा वायू तेवढ्याने विषारी ठरतो असे त्यांचे म्हणणे नव्हते. हा वायू वाढला त्या अर्थी श्वासाबरोबर व शरीरातून बाहेर पडणारे इतर पदार्थही खोलीत साठले आहेत, अशी ती खूण होय. त्यांनी घालून दिलेली ही मर्यादा आजही मार्गदर्शक म्हणून वापरली जाते.

आता एक उदाहरण सोडवू. वर्ग ६ मीटर लांब, ६ मीटर रुंद व ३ मीटर उंच आहे. त्यात १०८ घनमीटर, म्हणजे १,०८,००० लिटर हवा मावते. वर्गात ४० मुले आहेत व प्रत्येक मूल तासाला सुमारे १० लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते असे धरू. म्हणजे सर्वांचे मिळून तासाला ४०० लिटर झाले. प्रमाण ४ वरून १० भागांवर जाण्यास या खोलीत सुमारे ६५ लिटर वायू पुरतो. तर दारे-खिडक्या अगदी बंद असल्यास ही मर्यादा किती वेळात ओलांडली जाईल? उत्तर येते, सुमारे दहा मिनिटांत! हजेरी घेऊन पाठाची प्रस्तावना संपते न संपते तोच ही मर्यादा गाठली जाते. प्रत्यक्षात दाराच्या फटीतून व कौलांतून थोडी हवा येत-जात असते, म्हणून इतके त्वरेने होत नाही. परंतु दिशा तीच असते. दुपारच्या तासाला मुले पेंगतात तेव्हा त्याचे सारे खापर भोजनावर फोडण्यापूर्वी खिडक्यांकडे एकवार पाहावे. हे उदाहरण वरच्या वर्गातील मुलांना घालून पाहावे. गणित आणि आरोग्य असे दोन्ही पाठ एकाच वेळी होतील.

हल्ली या बाबतीत एक नवी अडचण निर्माण झाली आहे. पडद्यावरील चित्र स्पष्ट दिसावे म्हणून डिजिटल वर्गाच्या खिडक्या दिवसभर बंद ठेवल्या जातात. छताजवळचे झरोके चिमण्या-पाकोळ्या येतात म्हणून पुठ्ठे लावून बुजवलेले असतात. गरम झालेली हवा वर चढते व झरोक्यातून बाहेर जाते, आणि तिची जागा खालच्या खिडकीतून येणारी ताजी हवा घेते, अशी जुन्या बांधकामाची योजना होती. झरोका बुजवला म्हणजे ती योजनाच मोडली. पाखरांसाठी झरोक्याला बारीक जाळी मारावी, पुठ्ठा मारू नये. चित्र दाखविण्यापुरती खिडकी बंद करावी व चित्र संपताच ती उघडण्याचे काम एका विद्यार्थ्याकडे सोपवावे. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडल्या तर जो वारा खेळतो, तो एकाच भिंतीतील चार खिडक्यांनी खेळत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

आता वासाकडे वळू. वासाचा शोध घेताना आपले पहिले साधन नाक. परंतु या साधनाचा एक दोष आपण ओळखला पाहिजे. एकाच वासात काही मिनिटे बसले की नाक त्या वासाला सरावते आणि तो जाणवेनासा होतो. म्हणून वर्गात बसलेल्या शिक्षकाने ‘मला तर काही वास येत नाही’ असे म्हणणे हा पुरावा होऊ शकत नाही. मोकळ्या पटांगणात दहा मिनिटे थांबून मग वर्गात पाऊल टाकावे, आणि त्या पहिल्या दोन-तीन श्वासांत जे कळते तेच खरे मानावे. बाहेरून आलेल्या पालकाने किंवा दुसऱ्या वर्गाच्या शिक्षकाने सांगितलेली गोष्ट म्हणूनच मोलाची असते.

दुसरी गोष्ट, वासाला नाव द्यावे. आपली मराठी भाषा या बाबतीत समृद्ध आहे. कुबट, आंबूस, खवट, करपट, उग्र, कुजका या प्रत्येक शब्दामागे वेगळे कारण उभे असते. कुबट वास बहुधा ओल व बुरशी यांचा असतो. डोळ्यांत चुरचुरणारा उग्र वास मुतारीचा असेल तर तो अमोनियाचा होय. मूत्रातील युरिया या द्रव्यावर सूक्ष्मजंतूंची क्रिया होऊन तो तयार होतो. सडक्या अंड्यासारखा वास गटारात किंवा मैल्याच्या टाकीत तयार होणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडचा असतो. खवट वास तेलाचा, करपट वास तापलेल्या विजेच्या तारांचाही असू शकतो. कुजका व दिवसेंदिवस वाढणारा वास मेलेल्या उंदराचा असण्याचा संभव असतो. ‘घाण वास येतो’ एवढेच म्हणून थांबणारा शिक्षक कारणापर्यंत पोहोचत नाही.

तिसरी गोष्ट, नोंद करावी. एका साध्या वहीत आठ दिवस पुढील पाच रकाने भरावेत : दिवस व वेळ, खोलीतील जागा, वासाचा प्रकार, त्या वेळचे हवामान, आणि दारे-खिडक्या उघड्या होत्या की बंद. सोमवारी सकाळी वास अधिक व दुपारी कमी असेल तर खोली बंद राहिल्याने तो साठतो असे कळते. पाऊस पडला की वाढत असेल तर ओलीकडे पाहावे. वारा एका विशिष्ट दिशेचा असतानाच येत असेल तर उगम इमारतीबाहेर आहे. मुलांची डोकेदुखी किंवा खोकला शाळेत सुरू होतो व घरी गेल्यावर थांबतो काय, हेही त्यात लिहावे. कारण तसे असेल तर दोष इमारतीत असण्याचा संभव बळावतो.

चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. वर्ग रिकामा असताना वास येतो की नाही, हे पाहावे. याचे महत्त्व ध्यानी यावे म्हणून एका शाळेतील हकीकत सांगतो. शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही. अशा शाळा अनेक आहेत.

त्या शाळेत तिसरीच्या वर्गात कुबट वास येत असे. दिवाळीनंतर ऊसतोडणीसाठी आलेल्या कुटुंबांतील एक मुलगी त्या वर्गात उशिरा दाखल झाली होती. पुढच्या जागा भरलेल्या असल्यामुळे तिला मागच्या कोपऱ्यात, भिंतीला लागून बसविले होते. काही दिवसांनी वर्गातील मुले म्हणू लागली की, वास हिच्याच अंगाला येतो. दप्तर उघडले तर खरोखरच वह्यांना तो वास होता. कपड्यांनाही होता. शेजारच्या मुली सरकून बसू लागल्या आणि शिक्षकांनी, मनात कोणताही आकस न ठेवता, तिच्या आईला स्वच्छतेविषयी निरोप धाडला. त्यानंतर ती मुलगी वारंवार गैरहजर राहू लागली.

मी शाळाभेटीस गेलो तो सोमवार होता. मुलांना परिपाठासाठी पटांगणात थांबवून आम्ही आधी रिकामा वर्ग उघडला. आदल्या दिवशी शाळा बंद होती, वर्गात कोणी मूल नव्हते आणि ती मुलगी तर चार दिवस आलेलीच नव्हती. तरीही उंबरठ्यावरच तो वास नाकाला भिडला. येथेच अर्धा निर्णय झाला. मग भिंतीपाशी गेलो. कोपऱ्यातील कपाट पुढे ओढले तेव्हा त्यामागे गुडघ्याइतक्या उंचीपर्यंत भिंत ओली होती, गिलाव्याला लोणा लागला होता आणि गुंडाळून ठेवलेल्या जुन्या सतरंज्यांवर काळी-हिरवी बुरशी धरली होती. ओल बाहेरून येते की खोलीतील दमटपणा भिंतीवर बसतो, हे ठरविण्यासाठी प्लास्टिकचा हातभर चौकोनी तुकडा कडांनी घट्ट चिकटवून एक दिवस ठेवला. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या आतल्या बाजूस, म्हणजे भिंतीकडे, पाण्याचे थेंब जमले होते. थेंब खोलीच्या बाजूस असते तर दोष हवेतील दमटपणाचा ठरला असता. ते भिंतीकडे जमले, त्या अर्थी पाणी भिंतीतूनच येत होते. बाहेर त्याच जागी हात धुण्याचे नळ होते आणि त्यांचे सांडपाणी वाहून नेणारा पाइप जमिनीखाली फुटलेला होता. भोजनापूर्वी व भोजनानंतर मुले हात धुवीत आणि ते पाणी पायात मुरत असे.

म्हणजे भिंतीचा वास त्या मुलीच्या दप्तराला लागला होता, मुलीचा वास वर्गाला लागला नव्हता. शाळा व्यवस्थापन समितीने पाइप बदलला. सतरंज्या बाहेर काढल्या, सुटलेला गिलावा खरवडला, भिंत पुरती वाळू दिली व नंतर चुना दिला. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ठेवले. मुलांसमोर शिक्षकांनी स्वतः भिंत दाखवून सर्व खुलासा केला, हे मला विशेष योग्य वाटले. कारण मुलांच्या मनात जे बसले होते तेही खरवडून काढणे अवश्य होते. तिच्या आईला दुसरा निरोप गेला व मुलगी पुन्हा येऊ लागली.

बंधुभगिनींनो, वासाचा आरोप ज्याच्याकडे उत्तर देण्याचे बळ नाही त्याच्यावर प्रथम जातो. तो गरिबावर जातो, परगावच्यावर जातो, विशिष्ट वस्तीतून येणाऱ्या मुलावर जातो. म्हणून कोणत्याही मुलाकडे पाहण्यापूर्वी रिकाम्या वर्गाची परीक्षा घ्यावी, असा दंडकच आपण घालून घ्यावा. आणि एखाद्या मुलाचा प्रश्न खरोखरच स्वच्छतेचा असला, तरी तो वर्गासमोर बोलण्याचा विषय नव्हे.

ओलीचा प्रश्न केवळ वासापुरता नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली इमारतींतील ओल व बुरशी यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओलसर इमारतीत राहणाऱ्यांमध्ये खोकला, छातीत घरघर व दमा यांचे प्रमाण अधिक आढळते, असे त्यांत नमूद आहे. यास्तव पावसाळ्यात भिजलेली सतरंजी, पुठ्ठा किंवा पुस्तक शक्य तो एक-दोन दिवसांत वाळवावे. तेवढ्यात वाळले तर बुरशी सहसा धरत नाही. बुरशीवर नुसता रंग देणे व्यर्थ होय. ओल थांबली नाही तर ती रंगातून पुन्हा वर येते.

जून महिन्यात शाळा उघडते तेव्हा अनेक ठिकाणी आणखी एक अनुभव येतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत शौचालय स्वच्छ असते, कोणी वापरलेले नसते, तरीही दार उघडताच गटाराचा वास येतो. याचे कारण अगदी साधे आहे. शौचकूपाखालील वाकड्या नळीत आणि न्हाणीच्या ट्रॅपमध्ये नेहमी थोडे पाणी साठून राहते. ते पाणी म्हणजेच टाकीतील वायूला अडविणारे दार असते. सुट्टीत ते आटले म्हणजे दार उघडे पडते. प्रत्येक ट्रॅपमध्ये बादलीभर पाणी ओतले की वास बंद होतो. सुट्टीतही पंधरा दिवसांनी कोणी तरी पाणी ओतावे अशी व्यवस्था करावी. एवढ्यावर वास थांबला नाही तर पाइप फुटला आहे काय, किंवा टाकीचे झाकण उघडे आहे काय, हे पाहावे. मुतारीच्या बाबतीत फरशीला उतार आहे काय व सांध्यांत मूत्र मुरते काय, हे तपासावे. तेथे दिवसातून दोनदा पुरेसे पाणी ओतून घासणे, हे कोणत्याही सुगंधी गोळीपेक्षा श्रेष्ठ होय.

छतात वटवाघळे असतील तर त्यांची विष्ठा कोरडी झाडू नये. तिच्या धुळीतून रोगकारक बुरशी श्वासात जाण्याचा धोका असतो. नाकाला फडके बांधून, आधी पाणी शिंपडून ती उचलावी. हे काम मुलांकडून कदापि करवून घेऊ नये.

आता चार धोक्यांची सूचना देतो. या बाबतीत शोधापेक्षा सावधगिरी आधी.

शौचालय धुताना ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड कधीही एकत्र वापरू नयेत. त्यांच्या मिश्रणातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. बंद शौचालयात तो जिवावर बेतू शकतो. ज्या दिवशी एक वापरले त्या दिवशी दुसरे वापरू नये, आणि दोन्ही डबे मुलांच्या हाताबाहेर ठेवावेत.

पोषण आहाराच्या तांदळाला कीड लागते म्हणून त्यात ॲल्युमिनिअम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवण्याचा मोह टाळावा. हवेतील दमटपणाने या गोळ्यांतून फॉस्फिन नावाचा प्राणघातक वायू सुटतो; त्याला कित्येकदा लसणीसारखा वास येतो. धान्याच्या खोलीत असा वास आला तर आत थांबू नये व मुलांना दूर न्यावे. पोती फळ्यांवर, भिंतीपासून सुटी ठेवावीत व धान्य वेळोवेळी उन्हात घालावे.

बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. नाक येथे मुळीच सावध करीत नाही.

चौथा धोका स्वयंपाकाच्या गॅसचा. हा गॅसही मूळचा जवळजवळ वासहीन असतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन या जातीचे उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळलेले असते. यामागे एका शाळेचाच इतिहास आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्यात न्यू लंडन या गावी १८ मार्च १९३७ रोजी शाळेच्या इमारतीखाली साठलेल्या नैसर्गिक वायूचा स्फोट झाला आणि सुमारे ३०० विद्यार्थी व शिक्षक मृत्युमुखी पडले. वायूला वास नव्हता; म्हणून तो तळघराच्या पोकळीत साठत गेला तरी कोणास कळले नाही. कार्यशाळेतील विजेचे यंत्र सुरू करताच ठिणगी पडली. त्यापूर्वी काही दिवस विद्यार्थी डोके दुखत असल्याची तक्रार करीत होते. परंतु तिच्याकडे फारसे लक्ष दिले गेले नाही. या दुर्घटनेनंतर टेक्सासमध्ये इंधनवायूत वास मिसळण्याचा कायदा झाला व ती पद्धत इतरत्र पसरली. आज सिलिंडरजवळ येणारा तो वास म्हणजे एका अर्थी त्या मुलांनी मागे ठेवलेली सूचना आहे. आपल्या सिलिंडरमधील गॅस हवेपेक्षा जड असतो व जमिनीलगत पसरतो. वास येताच रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेचे कोणतेही बटण दाबू नये व मुलांना लांब न्यावे.

उपायांचा क्रम शेवटी एकदा सांगतो. प्रथम उगम दूर करावा. नंतर हवा खेळती करावी; ती कोठून येते व कोठे जाते, हे उदबत्तीच्या धुराने पाहता येते, आणि उदबत्तीचा शाळेतील खरा उपयोग तोच आहे. मात्र गॅसचा संशय असेल तेथे ती पेटवू नये. त्यानंतर साफसफाई करावी. आणि आठ दिवसांनी, बाहेरून आलेल्या ताज्या नाकाने, पुन्हा परीक्षा करावी. सुगंधाने दुर्गंध झाकणे या क्रमात कोठेच बसत नाही.

यांतील बहुतेक कामांना पैसा लागत नाही. पाइप बदलणे किंवा छत दुरुस्त करणे यांस तो लागतो. तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीपुढे किंवा ग्रामपंचायतीपुढे जाताना ‘वर्गात वास येतो’ असा मोघम अर्ज न करता आठ दिवसांच्या नोंदीची वही पुढे ठेवावी. ‘अमुक भिंतीत, अमुक उंचीपर्यंत, अमुक नळामुळे ओल आहे’ असे लिहिलेल्या अर्जाला नाही म्हणणे कोणासही कठीण जाते.

मूल दिवसाचे पाच-सहा तास आपल्या स्वाधीन असते. त्या वेळात ते कोणती अक्षरे शिकते याची आपण काळजी घेतो. ते कोणती हवा घेते याचीही घ्यावी. आणि एखादे मूल ‘गुरुजी, डोके दुखते’ किंवा ‘बाई, वास येतो’ असे म्हणाले तर त्याला गप्प न बसविता वही काढावी व पहिली नोंद त्याच्या नावाने करावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.